देवाला लागलेला चीक

आमच्या आत्याचा देव आणि आमच्या आबांचा देव एकच होता. एकाच देवळात राहायचा, एकाच तांब्यातल्या पाण्यानं आंघोळ करायचा. तरी दोघांच्या तोंडून त्याच्याविषयी ऐकलं तर कुणालाही वाटलं असतं की हे दोन निरनिराळ्या गावचे देव आहेत. आत्याचा देव कडक. तिन्हीसांजेला झाडाचं पान तोडलं की तो रागवायचा, उंबऱ्यावर बसलं की रागवायचा, आणि रागावला तरी लगेच बोलायचा नाही. मनात ठेवायचा आणि वेळ आली की हिसका दाखवायचा. मला ठेच लागली की आत्या हळद आणायच्या आधी विचारायची, "काय केला होतास गो?" आणि मी काही ना काही केलेलं असायचंच, त्यामुळे तिचा देव सहसा चुकायचा नाही. आबा देवाविषयी फारसं बोलत नसत. पण थंडीच्या दिवसांत मूर्तीवर पाणी घालण्याआधी ते तांब्या हातात धरून जरा थांबायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "गार हाय गो पानी. एकदम कसा ओतू?"

आम्ही गुरव. गावच्या केदारलिंगाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडे. रत्नागिरीहून निघून काळ्या कातळाचा सडा, म्हणजे उघडा माळ, तुडवत तीनेक तास चाललं की उतारावर आमचं गाव लागायचं, आणि गावाच्या वरच्या अंगाला देऊळ. देवळाच्या मागे विहीर, विहिरीच्या मागे आम्ही. घर म्हणजे मातीच्या भिंती, वर गवत, पुढे पडवी, मागे पडवीपेक्षा मोठी न्हाणी. पडवीत सदा पत्रावळींचा ढीग. गावात लग्न असो, बारसं असो की तेरावं, पत्रावळी आमच्याकडून जायच्या. आबा, आई आणि आत्या तिघंही दुपारी पडवीत बसून वडाची पानं झावळीच्या हिराच्या काड्यांनी टाचत. त्याचा एक आवाज असे, बारीक, टच टच असा, आणि त्यावर आत्याचं बोलणं. आजही दुपारी डोळा लागता लागता मला तो आवाज ऐकू येतो. नात म्हणते, आजी, पंख्याचा आवाज आहे तो. असेल. तिला काय माहीत!

जेवायला सकाळी पेज, दुपारी भात आणि कुळथाची पिठी, आणि वैशाख आला की फणस. कच्चा फणस, पिका फणस, फणसाची भाजी, फणसाच्या आठळ्या उकडून, आठळ्या भाजून, आठळ्या आमटीत. चाकरमानी मुंबईहून आले की फणसाचं कौतुक करीत. आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचो. फणस फोडायचं काम आत्याचं. हाताला आणि विळीला खोबरेल चोपडून ती बसायची, आणि निघालेला पांढरा चीक एका काठीला गुंडाळून ठेवायची. गळकी घागर बुजवायला तो चीक कामी यायचा. एकदा लागला की पाण्यानं तो सात जन्म जात नाही, तेलच लागतं, हे कोकणातलं पोर बोलायला लागायच्या आधी शिकतं.

आता कौलाचं सांगते, कारण त्याच्यावाचून पुढचं कळणार नाही. आमच्या गावात देवाला विचारल्याशिवाय काही होत नसे. मुलगी कुठं द्यावी, विहीर कुठं खणावी, कुणाच्या अंगातला ताप का उतरत नाही, सगळं देवाला. विचारायची रीत अशी, की गुरवानं मूर्तीच्या दोन खांद्यांवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. त्यांना कळे म्हणायचं. मग गुरव गाऱ्हाणं घालतो, म्हणजे मोठ्या आवाजात देवाला सगळी हकिकत सांगतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. देवाच्या उजव्या खांद्यावरचा कळा आधी पडला तर होकार. डावा पडला तर नकार. डावा पडला की मग गुरवानं रडून सांगितलं तरी कुणी ते काम करीत नसे. घरात मीठ मागतानासुद्धा पुटपुटणारे आबा गाऱ्हाण्याला उभे राहिले की त्यांचा आवाज खालच्या वाडीत ऐकू जायचा. आईला त्याचं फार हसू यायचं. एकदा ऐन गाऱ्हाण्यात ती खुदकन हसली आणि आत्यानं महिनाभर तिला ते ऐकवलं.

आई हसरी होती, हे मी मुद्दाम लिहिते. माझ्या आधीचे दोन मुलगे तिनं गमावले होते, एक देवीच्या साथीत, दुसरा चार दिवसांच्या तापात. अशी बाई हसते कशी, असं बायका विचारीत. ती आठळी सोलताना हसायची, कोंबडीमागे धावताना हसायची, माझ्या केसांत तेल घालताना मी ओरडले की हसायची. मी दहा वर्षांची झाले त्या वर्षी, होळीनंतर, तिचं हसू अर्ध्यावर थांबायला लागलं. पोटाला हात लावून ती खाली बसायची. पोटात गाठ होती, आणि ती दिवसेंदिवस वाढत होती. आत्यानं सगळे काढे करून पाहिले, नवस बोलून पाहिले. शेवटी आबा तिला बैलगाडीत घालून रत्नागिरीला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, की पोट कापून गाठ काढायला हवी, आणि लवकर, पावसाची वाट बघू नका. नाहीतर बाई हाती लागणार नाही.

पोट कापणार! त्या दोन शब्दांनी आमच्या घराची झोप उडाली. त्याच वर्षी माघात खालच्या वाडीतल्या काशीकाकीला डोलीत घालून दवाखान्यात नेलं होतं. डोली रिकामी परत आली. ती रिकामी डोली चार माणसं खांद्यावरून नाही, हातात धरून आणत होती, आणि मी विहिरीवरून ती बघितली होती. माझ्या मनानं हिशेब सोपा केला: डोलीत बसून जी जाते ती येत नाही. घरी राहिली तर आई दुखण्यानं कण्हेल, पण असेल तरी. डॉक्टर काय म्हणाला ते मी ऐकलं होतं, पण डॉक्टर मी बघितला नव्हता. डोली बघितली होती.

आणि सगळं आता देवावर आलं. गुरवाच्या घरचा कौल गुरवानं एकट्यानं लावायचा नाही, चार मानकऱ्यांसमोर लावायचा, असा गावचा दंडक. सोमवारी सकाळी माणसं जमायची ठरली. मी आत्याला विचारलं, "देव काय सांगंल?" आत्या म्हणाली, "त्याच्या मनात काय हाय ते आपल्याला काय कळनार बाय." हे काही मला पुरेसं वाटलं नाही.

त्या सकाळी आबांनी नेहमीसारखी पूजा आटोपली आणि धोतर बदलायला घरी आले. आत्या मागच्या दारी फणस फोडत होती, येणाऱ्या माणसांना गरे द्यायला. मी फुलं ठेवायला म्हणून देवळात निघाले ती दारात टेकवलेली चिकाची काठी घेऊन. गाभाऱ्यात जायला मला मज्जाव नव्हता. फुलं, पाणी, समईची वात ही माझीच कामं. मी देवासमोर उभी राहिले. भीती वाटली का? खरं सांगायचं तर नाही वाटली. मी त्याला सांगितलं, "मी वाईट करत नाय. आईला हितंच ठेवायची हाय." आणि त्याच्या उजव्या खांद्यावर, जिथं आबा कळा लावायचे तिथं, बोटभर चीक चोपडला. मग त्यावर चंदनाचा हात फिरवला, म्हणजे चमकायला नको. दहा वर्षांच्या पोरीला हे सुचलं कसं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. पुढं आयुष्यात इतकी अक्कल कधी वेळेवर सुचली नाही.

माणसं जमली. गावकर म्हणजे गावचा पहिला मानकरी धोंडूकाका, आणखी तिघं, आणि मुंबईहून आलेले दहाबारा चाकरमानी. आई देवळाच्या पायरीवर खांबाला टेकून बसली होती. आबांनी डोळे मिटून कळे लावले. गाऱ्हाणं सुरू झालं, पण त्यांचा आवाज त्या दिवशी खालच्या वाडीत काही गेला नसेल. "बा देवा म्हाराजा, तुझी सेवा करनाऱ्या घरातली बाय दुखन्यान हैरान झाली..." "व्हय म्हाराजा!" "तिला रत्नांगिरीला न्यायची तर तुझा उजवा कौल दी..." "व्हय म्हाराजा!" मी डाव्या खांद्याकडे बघत होते. पाकळी हलली, वाळत वाळत कडेला वाकली आणि पडली. उजवी जागच्या जागी. आबांनी विनवून पुन्हा डावा कळा लावला, पुन्हा तो पडला. तिसऱ्यांदाही तोच. धोंडूकाका हळूच म्हणाले, "गुरवा, पुरे. देव नको म्हनतो." आबांनी मूर्तीपुढे डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही. मला वाटलं होतं मला आनंद होईल. पण आबांची पाठ मला बघवेना, मी पायरीवर आईपाशी जाऊन बसले.

त्याच दुपारी आईला ताप भरला. इतके दिवस नुसतं दुखणं होतं, आता ताप. तिनं पेज घेतली नाही, पाणी घेतलं तेही उलटून पडलं. आत्या उशाशी बसून देवाचं नाव घेत होती, आणि मधूनच म्हणायची, "आपल्या हातून काय चुकला रे देवा, कोनाचा काय चुकला?" प्रत्येक वेळी मी हात पाठीमागे न्यायची. आई एकदा माझ्याकडे बघून हसली, पण ते हसू ओठांच्या पुढं आलंच नाही. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की घरी राहूनसुद्धा माणूस जाऊ शकतो. इतकी साधी गोष्ट. पण ती मला आधी सुचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा पूजेला गेले आणि लगेच परत आले. ओलेते, खांद्यावर पंचा. आत्याला म्हणाले, "आक्का, खोबरेलाची वाटी दी." आत्या म्हणाली, "आता तेल कशाला?" आबा म्हणाले, "देवाला चीक लागलाय." आत्यानं वाटी पुढं केली. मग म्हणाली, "देवान काय फणस फोडलान?" कुठल्याही दुसऱ्या दिवशी आई यावर पोट धरून हसली असती. आबांनी वाटी घेतली आणि निघाले. जाताना चुलीपाशी बसलेल्या माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, म्हणजे अगदी ठरवून बघितलं नाही, आणि मला समजलं की त्यांना समजलं आहे.

मी त्यांच्या मागे गेले. पळून जायचं सोडून मागे का गेले, ते सांगता येणार नाही. गाभाऱ्यात आबा मूर्तीचा खांदा तेलाच्या बोळ्यानं हलक्या हातानं चोळत होते, एखाद्या पोराच्या केसांतला चीक काढावा तसे. सुकलेली पाकळी खाली पडली होती. मी दारातच उभी राहून म्हणाले, "आबा, तो चीक मी लावलाय." ते म्हणाले, "कशाला गो?" रागानं नाही, खरंच विचारावं तसं. मी सगळं सांगितलं, डोली, काशीकाकी, सगळं. मध्ये रडू आलं, मग बोलणं कळेनासं झालं, मग पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आबांचे हात थांबले होते. मग ते म्हणाले, "हात बघू." माझ्या नखांत आणि बोटांच्या बेचक्यात चिकाचे काळे ठिपके होते, कालपासून दगडानं घासून मी कातडी लाल करून घेतली होती. आबांनी मला जवळ बसवलं, देवाच्या वाटीतलं तेल घेतलं आणि माझं एकेक बोट चोळून पुसलं. मी म्हणाले, "देव रागावला असंल." ते म्हणाले, "आईसाठी केलास ना? मंग रागवंल कशाला? काल तू हितं उभी होतीस तवा तो काय बघत नव्हता? बघत होता. पोर भ्यालेली हाय, ह्या त्याला दिसला असंल." मग माझं शेवटचं बोट पुसत म्हणाले, "चुकलीस मात्र. मोठी चुकलीस." मार बसला असता तर मी तो विसरले असते. हे वाक्य विसरले नाही.

तिथून ते सरळ धोंडूकाकांच्या अंगणात गेले. मी मागेच होते. आबा म्हणाले, "गावकरानू, कालचा कौल खरा नव्हता. उजव्या खांद्याला फणसाचा चीक होता. माझ्या घरातला चीक, माझ्या हाताखालचा. चूक माझी." धोंडूकाका उभेच राहिले. "तुझ्या हाताला चीक? कळे लावताना?" काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं, तेलानं चकचकणाऱ्या माझ्या हातांकडे बघितलं, आणि नजर काढून घेतली. फार मोठा माणूस होता तो, हे मला आता कळतं. म्हणाले, "बरा. मंग उद्या परत लावू." आबा म्हणाले, "नाय. परत नाय लावनार." हात जोडून ते पुढं म्हणाले, "उद्या कौल डावा पडला तरी मी तिला नेनारच. मग विचारायचा कशाला? विचारून मोडन्यापेक्षा न विचारता पाया पडून जातो. लहानपणापासून त्याच्या अंगाला हात लावतोय मी, गावकरानू. बायको मरू दी म्हननारा तो नाय. एवढा तरी मी त्याला वळखतो." धोंडूकाका म्हणाले, "गाव काय म्हनंल?" "म्हनंल ते ऐकीन." "गुरवपन काढून घेतील." "घेऊ दी," आबा म्हणाले. ज्या माणसानं आयुष्यात कौल कधी मोडला नाही, आणि दुसऱ्यांनाही मोडू दिला नाही, तो हे बोलत होता.

तासाभरात डोली निघाली, गाडीचे हिसके आता आईला सोसणार नव्हते. वैशाख होता म्हणून बरं, एरवी आमच्या गावात डोलीला खांदा द्यायला तरणी माणसं नसायची, सगळी मुंबईला. पहिला खांदा धोंडूकाकांनी दिला. वाटेत कुणी कौलाचं बोललं नाही. सड्यावर ऊन असं होतं की कातळावर पाय ठेववत नव्हता, आणि मी अनवाणी डोलीच्या कडेला धरून धावत होते. आबांनी मला घरी ठेवायचं म्हटलं तेव्हा आईनंच आतून सांगितलं होतं, "येऊ दी तिला." आत्या मागे राहिली. आम्ही सड्यावर चढून दिसेनासे होईपर्यंत ती देवळाच्या पायरीवर उभी होती, आणि दोन्ही हात जोडलेले होते. तिच्या त्या कडक देवाला ती काय सांगत होती कोण जाणे.

दवाखान्यात आईला आत नेलं आणि दार लागलं. बाहेर आवारात उंडीचं एक जुनं झाड होतं, त्याखाली मी आणि आबा बसलो. फिनेलचा वास, आणि मांडवीकडून येणारा खारा वारा. मला तहान लागली होती पण सांगायची हिंमत नव्हती. मी ठरवून टाकलं होतं की यापुढे काही मागायचं नाही. बऱ्याच वेळानं मी विचारलं, "आबा, आई मेली तर ती माझी शिक्षा ना?" आबा दचकले. म्हणाले, "कोन बोलला तुला? आक्का?" मी नाही म्हणून मान हलवली, आत्यानं तसं काही म्हटलं नव्हतं, पण तिचा देव माझ्या ओळखीचा होता. आबा जमिनीकडे बघत म्हणाले, "तुझ्या आधीचे दोन पोरगे गेले. तवा कोनी चीक लावला होता? कोनी नाय. दोन्ही खेपेला मी त्याच्या पायाशी लोळलो. तरी गेले." "मंग त्यान वाचवला का नाय?" "ता मला म्हाईत नाय," आबा म्हणाले. "खराच म्हाईत नाय. पर म्हाईत नाय म्हनून त्याचा हात सोडू काय? तो मारायला टपलेला नाय गो बाय. आपल्याला रडू येता तवा तो आपल्याशेजारी बसलेला असतो. आता पन हितंच हाय." मी वळून शेजारी बघितलं. झाडाचं मूळ होतं आणि त्यावर मुंग्या. तरी मी जरा सरकून जागा केली.

मग आबांनी हात जोडले आणि बसल्या बसल्याच गाऱ्हाणं घातलं, अगदी घरातल्या आवाजात, मीठ मागावं तसं. "बा देवा म्हाराजा, आज तुझ्या दारात नाय, परक्याच्या दारात बसलोय." थांबले. साथ द्यायला गाव नव्हतं. मी म्हणाले, "व्हय म्हाराजा." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढं म्हणाले, "डाक्टरच्या हातात तुझा हात असू दी." "व्हय म्हाराजा." "माझ्या पोरीन भिऊन काय केलान असंल तर ता पोटात घाल." यावर मात्र माझ्या तोंडून शब्द फुटेना. आबा थांबून राहिले. मी तो उच्चारल्याशिवाय ते पुढं जाणार नव्हते. मी रडत रडत कसंबसं म्हटलं. तेव्हाच मी रडायची थांबले असं मला आठवतं.

इथं एक सांगते आणि पुढं जाते. माझा थोरला मुलगा ऐन चाळिशीत गेला. मी तीन महिने देवाशी बोलले नाही. दिवा लावायची पण तोंड फिरवून. मला कुणी गीता वाचून दाखवली, कुणी कर्माचं सांगितलं, मी सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावलं. तुझ्या मागच्या जन्मीचं, असं एक बाई म्हणाल्या. त्यांना चहासुद्धा दिला नाही. शेवटी एका सकाळी मला आबांचं ते "म्हाईत नाय" आठवलं. देवाची रोज पूजा करणारा माणूस, आणि त्याला उत्तर माहीत नव्हतं, आणि तसं सांगायची लाज नव्हती. त्या दिवशी मी देवापुढे बसून पोटभर भांडले, आणि भांडता भांडता लक्षात आलं की आपण पुन्हा बोलायला लागलो आहोत. माझी श्रद्धा म्हणाल तर एवढीच आहे. दुःख कमी झालं नाही. पण ते एकटीनं उचललं असं मला कधी वाटलं नाही.

दुपार कलली तेव्हा नर्सबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बाई शुद्धीवर येतायत." आबा उठायला गेले आणि तिथंच पुन्हा खाली बसून ओक्साबोक्शी रडले. गाठ नारळाएवढी होती म्हणे. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर उपयोग नव्हता. आईला पुढं मूल झालं नाही आणि जड उचलायची तिला कायमची मनाई झाली, पण पंधरा दिवसांनी ती डोलीत बसून घरी आली. डोली भरलेली परत येताना बघायला सगळा गाव सड्यावर आला होता. आत्यानं भाकरतुकडा ओवाळून टाकला, आईला आत घेतलं, आणि मग न्हाणीत जाऊन दार लावून रडली. बाहेर आली ती डोळ्यांत धूर गेला म्हणत. न्हाणीची चूल त्या दिवशी पेटलेलीच नव्हती.

गावानं आबांचं गुरवपण काढलं नाही, पण वर्षभर कौल लावायला आणि गाऱ्हाणं घालायला मनाई केली. ते काम आबांच्या चुलतभावाकडे गेलं. आबा रोजची पूजा करायचे, आणि गाऱ्हाण्याच्या दिवशी इतर माणसांत हात जोडून उभे राहायचे. त्यांच्यासारखं "व्हय म्हाराजा" कुणी म्हणत नसे. चीक मी लावला होता, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आईलासुद्धा. मला एवढंच म्हणाले, "तुला वाटंल तवा तूच सांग तिला. घाई नाय."

मी सात वर्षं सांगितलं नाही. माझं लग्न ठरलं, रत्नागिरीचंच स्थळ, आणि सासरी जायच्या चार दिवस आधी मी आईसमोर बसले. ती सुपात तांदूळ निवडत होती. हे ओझं घेऊन उंबरा ओलांडायचा नाही असं मी ठरवलं होतं. खाली मान घालून एका दमात सगळं सांगितलं. चीक, चंदन, आबांनी स्वतःवर घेतलेली चूक. आईचे हात सुपात थांबले. मी वर बघितलं नाही. आणि मग मला तिचं हसू ऐकू आलं. ते जुनं, आत्याला न आवडणारं, पडवीभर पसरणारं हसू. पोटावरच्या टाक्यांच्या व्रणावर हात दाबून ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी म्हणाले, "हसतेस काय? मरायचीस तू माझ्यापायी."

आई हसायची थांबली. पदरानं डोळे पुसून तिनं आजूबाजूला आत्या नाही ना ते बघितलं, आणि हळूच म्हणाली, "त्या सकाळी पायरीवर बसून मी काय मागत होते, ठाव हाय? नको म्हन रे देवा. नको म्हन. पोट कापायला पाठवू नको मला." तिनं तांदळांतला एक खडा वेचून टाकला. "आपन दोघींनी एकच मागितला, बाय. दोघींचा पन ऐकलान नाय त्यान." मग सूप पुढं ओढत ती म्हणाली, "बरा केलान."